कापसाची खोली

२४ फेब्रुवारी १९५९, बुऱ्हाणपूर
आज पाळणा उतरवला. वरच्या आऱ्यावर बसून नट ढिले करून राह्यलो होतो तं खालून पाळण्याचा मालक सेठ बोलला, अगला मुकाम वणी. हातातला पाना सुटता सुटता राह्यला. वणी म्हणजे आपला मुलूख. तिथून अंजनाचं माहेर मोटारीनं अर्ध्या दिवसाचं. ह्या रहाटपाळण्यासंगं जळगाव फिरलो, खंडवा फिरलो, इटारसीपर्यंत गेलो, पण आपल्या जिल्ह्यात पहिल्यांदा चाललो.
रहमतचाचा म्हणजे आमचे वस्ताद, पाळणा उभा करनं त्याइच्याच हातचं. मले म्हणाले, "अब तो बीवी को बुला ले बेटा. कब तक कागज पर उसका नाम लिखता रहेगा." त्याइले वाटते मी लिहितो ते सारं तिचंच असते. तसं नाही. पण अगदीच नाही, असंही नाही.

२६ फेब्रु., बुऱ्हाणपूरच
मालगाडीचा डब्बा भेटला नाही. बसून हाओत. बसलो का डोक्यात तेच ते येते.
अंजना श्रावणापासून माहेरी हाय. सोनी गेली तवा मी इटारसीले पाळण्यावर. ताप आला नं पोरगी गेली. मले कळलं तवा मातीवर गवत उगवलं होतं. गेलतो. अंजनानं भाकर वाढली, पाणी दिलं, बोलली नाही. निघताना म्हणलं, चाल माह्यासंगं. तं एवढंच म्हणाली, "राहाचं कुठं ते दाखवा. मंग येईन."
काय दाखवू. पाळण्यामागची राहुटी, साऱ्या गड्याइची एक चूल, पाऊस आला का पेटीवर पाय घेऊन बसनं.

२७ फेब्रु.
विचार पक्का केला. तिले जत्रेले बोलवाचं. पाहुणी म्हणून ये, आठ-दहा रोज राहा, पाळणा पाहा, बाजार पाहा, मी काय करतो ते डोळ्यानं पाहा. सासूले घेऊन ये. मंग ठरव का संगं याचं का नाही. साळा पांढरकवड्याले ट्रक-अड्ड्यावर हमाली करते, दोन बुकं शिकेल हाय. त्याले कार्ड टाकलं.
आता सारं राहाच्या जागेवर अडेल हाय. ह्या डावाले जागा चुकली तं मंग...

६ मार्च, वणी
पोचलो. बैल, बैल नं बैल. शिंगाले रंग, गळ्यात घुंगरं, धुराळा असा का दिवसा सूर्य पिवळा दिसते. पाळण्याची जागा नदीच्या अंगाले भेटली, टुरिंग टॉकीजच्या बाजूले. सेठ खूश.
गावागावाच्या गाड्या इथं आपापल्या ठरल्या जागी सुटतात, दरसाल तिथंच. अंजनाच्या गावच्या गाड्या लिंबाच्या झाडाखाली. वाटलं तिथं कोणी ओळखीचं असंन तं राहाची सोय होईन. आपल्या लोकाच्या गाड्याच नव्हत्या. पाटलाचा गडी वैरण टाकत होता, तो हासला नं म्हणे, तुमच्याइनं देव सोडला, आता जत्रा कायची बापा. वंगाळ नाही बोलला. पहिले आपले लोकं साऱ्यात शेवटी, पार नाल्याच्या कडेले सुटत. ती जागा तशीच मोकळी होती. एवढ्या गर्दीत तिथं कोणी बैल बांधला नव्हता.

८ मार्च
धर्मशाळेत गेलतो. इमारत चांगली हाय. ओटा, फरशी, मांगं नळ. अंजनाले आवडली असती. दारात मुनीम बसते, मोठं बुक घेऊन. माह्यापुढं दोघं होते. नाव इचारलं, गाव इचारलं, मंग कोण लोक ते इचारलं. मी रांगेतून निघालो. मले कोणी काढलं नाही. मीच निघालो.
बाहेर येऊन भेळ खाल्ली. तिखट होती.

९ मार्च
आत्याकडं गेलो. बापाची बहीण, इथंच राहते, आपल्या मोहल्ल्यात, नदीपलीकडं. नवरा डोलोमाइटच्या खाणीत होता, वारला. एक खोली, तिच्यात ती, सून, दोन नाती. मले पाहून म्हणे, "जयभीम म्हण पहिले, मंग बस." म्हणलं. मंग चहा दिला नं झाडलं. "जत्रा पाहाले बायकोले बोलवतं? आपली काय जत्रा आता? नागपूरहून आल्यावर इथले सारे देव म्यां माह्या हातानं नदीत सोडले. अन् तू त्याच देवाच्या दारात पाळणा फिरवतं."
म्यां म्हणलं, आत्या, पाळण्याले देव नसते, इंजिनही नसते, मीच असतो. तं हासली. तिले तं हासनं आवरत नाही, रागातही.
राहाले ये म्हणे, ठेवीन. ठेवीन बी. पण मंग अंजना नं मी बोलणार कवा? दोन नाती मधात झोपतीन. सासूपुरतं ठीक हाय. सासू इथं राहीन. अंजनासाठी वेगळं पाहाचं.

११ मार्च
चाचाले इचारलं, राहुटीले पडदा मारला तं? चाचा म्हणाले, "पर्दा लगाएगा तो भी बाहर से हम लोग खाँसेंगे." बरोबर हाय. सेठचा एक गडी रोज मोहाची पिऊन येते, गाणं म्हणते. तिथं बाईमाणसाले आणनं नाही.

१२ मार्च
जागा भेटली.
बाजाराच्या मांगं राधाबाई म्हणून बुढी हाय, कुणबीण, एकटी. तिच्या अंगणात कापूस साठवाची खोली. कापूस विकला, खोली खाली. पांढरा चुना, मातीची भुई, खिडकी. खिडकीतून पाळण्याचा वरचा अर्धा भाग दिसते. म्हणजे मी वर आऱ्यावर चढलो का अंजनाले खोलीतून दिसीन. हे पाहूनच मन गेलं.
राधाबाई मोठी बोलकी. भाड्याचं काय म्हणलं तं म्हणे, "पहिले मले पाळण्यात बसव. साठ वर्षं झाले खालून पाहून राह्यली. भाड्याचं मंग पाहू, जिती उतरली तं." बायको काय करते, लेकरं किती, सारं इचारलं. सोनीचं सांगितलं. मंग म्हणे, "माहे बी दोन गेले."
जात इचारली नाही.
खोली पक्की झाल्यावर मी आपला निघताना म्हणलं, "बाई, पाणी आमी नदीवरून आणू. तुमच्या विहिरीले हात लावणार नाही." तिनं माह्याकडं पाहिलं. मंग म्हणे, "बरं." नं अंदर गेली.
चांगलं झालं. आधीच सांगून टाकलं म्हणजे अंजनापुढं कोणी काही इचारणार नाही. तिच्या कानावर काही पडणार नाही. तिले आठ रोज कुठं मान खाली घालावी लागू नये, एवढंच पाहिलं म्यां.
चाचाले हे सांगितलं. चाचानं बिडी पेटवली.

१४ मार्च
साळ्याचा निरोप ट्रकवाल्याजवळ आला. येते म्हणे. माय-लेकी दोघी.
खोली झाडली. भितीच्या भेगात कापूस रुतून बसेल हाय, कितीही काढला तरी निघते. चटई घेतली, कंदील घेतला. सेठ म्हणे, राजवाडा सजवून राह्यला का? गडी सारे चिडवतात. चिडवू द्या.

१८ मार्च
आली.
मोटार-अड्ड्यावर उतरली तं वळखू आली नाही. वाळली लय. पांढरं लुगडं, नागपूरच्या दीक्षेचं. सासू मांगून गाठोडं घेऊन. अंजना (लिहाले वेळ नाही आता, अं. लिहितो) मले पाहून पदर सावरला. "काळे पडले तुम्ही," म्हणे. एवढंच. पण बोलली.
सासूले आत्याकडं पोचवलं. आत्यानं अं.ले पोटाशी धरलं, दोघी रडल्या, मी बाहेर उभा.
खोली पाहिली. अं.नं खिडकीतून पाहिलं. "तो तुमचा पाळणा?" म्हणलं हो. "लय मोठा हाय. मले वाटे लाकडाचा लहानसा असंन." मंग भितीतला कापूस बोटानं काढत बसली. म्हणे वाया कायले घालवाचा, उशी होते. चार भेगांतून मूठभर निघाला. तिले असं काम करताना पाहून मले काय वाटलं ते लिहिता येत नाही.

१९ मार्च
सकाळी नदीवरून दोन कळशा आणल्या. अं. दारात उभी. म्हणे, "इथं विहीर हाय अंगणात, तुम्ही एवढ्या लांब कायले जाता?" म्यां म्हणलं, खारं हाय पाणी, पिववत नाही. तिनं एक कळशी अंदर नेली.
दुपारी जत्रा फिरलो. मौत का कुवाँ पाहिला. मोटारसायकल भितीवर चढली तं तिनं माहा हात धरला नं सोडला नाही. बांगड्या पाहिल्या, घेतल्या नाही. जिलबी खाल्ली. देवळाच्या वाटेनं लोकं चालले होते, तिनं दुसरी वाट धरली. मी तिच्या मांगून गेलो.

२० मार्च
आज तिले पाळण्यात बसवलं. नको नको म्हणत होती. राधाबाईच आली, म्हणे, "चाल गं पोरी, मी बसतो तं तुले काय होते." दोघी एकाच डोल्यात बसल्या. पाळणा माणसानं फिरते आमचा. आमी चौघं आऱ्यावर चढतो, वर गेलो का अंग टाकून खाली येतो, त्या वजनानं तो फिरते. आज मी असा चढलो का चाचा खालून म्हणाले, आहिस्ता, अपनी जान है.
राधाबाई डोळे मिटून साऱ्या देवाइले हाका मारत होती. अं. डोळे उघडे ठेवून बसली होती. वर आली का माहं तोंड तिच्याबरोबर येते, मंग मी खाली जातो, ती वर राहते. असं किती वेळा झालं. हासली ती. सोनी गेल्यावर पहिल्यांदा.
उतरल्यावर म्हणे, "वरून आत्याचा मोहल्ला दिसते. आपल्या लोकाचे सारे घरं दिसतात. तुम्हाले रोज दिसत असतीन."
दिसत असतीन. म्यां कवा पाहिलं नाही. वर गेल्यावर मी आऱ्याकडंच पाहतो.

२१ मार्च
आज सोनीबद्दल बोलली. म्यां इचारलं नव्हतं, तिनंच. शेवटी शेवटी पाणी मागे म्हणे. बोलता येत नव्हतं तं जीभ बाहेर काढे. मी ऐकून घेतलं. मंग म्यां म्हणलं, पाळणा इथून आदिलाबादले जाईन, चाल संगं, अशीच खोली पाहीन. ती म्हणे, "पाहू." पण "पाहू" अशा आवाजात म्हणाली का मले वाटलं झालं.
चाचाले सांगितलं. चाचानं सेठले सांगितलं. सेठ म्हणे जोडा असंन तं राशन वाढवू.

२२ मार्च
लिहू का नको.
सकाळी मी नदीवर गेलतो. अं. एकटी खोलीत. राधाबाई विहिरीवर भांडे घासत होती. अं. तिच्याजवळ गेली नं सहज इचारलं, विहिरीचं पाणी खारं हाय का वो माय? राधाबाई म्हणे, खारं? सारा मोहल्ला भरते. तुह्या नवऱ्यानंच पहिल्या दिशी सांगितलं, आमी हात लावणार नाही. मले वाटलं, असंन याइचा काही नेम.
हे सारं मले अं.नंच सांगितलं. मी कळशा घेऊन आलो तं ती चटईवर बसेल, गाठोडं बांधेल.
म्हणे, "तिनं इचारलं होतं का तुम्हाले?"
म्यां म्हणलं, नाही.
"मंग कायले सांगितलं?"
म्यां म्हणलं, तुह्यासाठी. तुले कोणी काही म्हणू नये म्हणून.
तिनं गाठोड्याची गाठ आवळली. मंग अं. म्हणे, म्यां त्या बाईले इचारलं, नवऱ्यानं नसतं सांगितलं तं? तं बाई खरं बोलली. बाई म्हणे, नसतं सांगितलं तं मी इचारलं नसतं, नं तू भरलं असतं. आता सांगून ठेवलं, आता चार बायका मले इचारतीन.
"मी त्या दसऱ्याले नागपूरले गेली तवा माहे पाय सुजले होते. सोनी पोटात होती. तिथं हात जोडून आमी काय काय बोललो ते तुम्हाले मालूम नाही, तुम्ही पाळण्यावर होते. त्याचा मले राग नाही, पोटासाठी होते. पण त्या बाईनं मले हलकं नाही केलं. तुम्ही केलं. कोणी न इचारता."
गाठोडं उचललं. मी धरलं नाही. नदीचं पाणी भरून आणेल तसंच दारात राह्यलं.

२३ मार्च
आत्याकडं गेलो. अं. अंदर होती, बाहेर आली नाही. सासू दारात बसली, म्हणे, जावईबापू, तिचं चुकते का? म्यां म्हणलं, नाही. सासू म्हणे, मंग मी काय बोलू.
आत्या माह्यासंगं रस्त्यापर्यंत आली. आज हासली नाही. म्हणे, "किसना, तुह्या बापालेही हीच खोड होती. कोणी काठी उगारली नाही तरी तो वाकून चाले. तो मरेपर्यंत त्याले कोणी उभं राह्य म्हणणारं नव्हतं. तुले हाय, तरी तू वाकतं."

२४ मार्च
होळी. पाळण्याले लय गर्दी. दिवसभर चढलो-उतरलो. पाय आपल्या आपून चढतात.
आज वरून पाहिलं. आत्याचा मोहल्ला दिसते. पांढरं काही दिसलं, कोणाचं लुगडं होतं का वाळत घातलेलं, कळलं नाही. खाली आलो. परत वर गेलो तं नव्हतं.

२५ मार्च
आज विहिरीवर गेलो. सकाळीच. दोन बायका पाणी भरत होत्या. मी दोर घेतला, बादली सोडली, ओढली. बायका आपापले पाण्याचे गुंड उचलून बाजूले झाल्या. राधाबाई ओसरीत होती, पाहून राह्यली. उठून आली.
म्यां म्हणलं, बाई, तुम्ही म्हणान तं सोडतो.
"मी कायले म्हणू." मंग बादलीकडं पाहून म्हणे, "पण आता कोणासाठी काढतं बापा? खोली तं खाली झाली."
पाणी प्यालो. चांगलं होतं. गोड होतं. ओंजळीनं प्यालो तं सदरा भिजला. बादली तिथंच ठेवली.
अं.ले हे सांगाचं का? सांगितलं तं ती म्हणीन, मी गेल्यावर काढलं. ते खरंच हाय.

२६ मार्च
चाचा म्हणाले जा, बात कर. म्यां म्हणलं काय बोलू. चाचा म्हणे, "मेरी बीवी बीस साल से बुरहानपूर में है. मैं हर साल सोचता हूँ, बोलूँगा." मले माहीत नव्हतं त्याइची बायको हाय.

२७ मार्च
आज त्या गेल्या. मोटार-अड्ड्यावर गेलो. अं. बोलली माह्यासंगं. राग नव्हता. तेच जास्त लागलं. म्हणे, उन्हाचं वर टोपी घालत जा. सासू खिडकीत जागा धरून बसली होती.
म्यां इचारलं, येशीन का? आदिलाबादले?
ती म्हणे, "जागा भेटली म्हणून निरोप नका धाडू. कशी मागितली ते सांगा."
मोटार मारेगावच्या रस्त्याले लागली. मी तिथंच उभा होतो. कंडक्टर म्हणे, तुम्हाले कुठं जाचं? म्यां म्हणलं, कुठीच नाही.

३१ मार्च
पाळणा उतरवला. राधाबाई आली होती. भाडं द्याले गेलो तं घेतलं नाही. म्हणे, बायको चांगली होती तुही. "होती" म्हणाली. म्यां दुरुस्त केलं नाही.
तिच्यावर मले राग नाही. तिनं काय केलं. तिले मी सांगितलं तेवढंच तिनं धरलं.

२ एप्रिल, रस्त्यात
पाळण्याचे आरे ट्रकवर, मी आऱ्यावर. पांढरकवड्यावरून ट्रक गेला. थांबला नाही. साळा अड्ड्यावर असंन तं दिसंन म्हणून उभा राह्यलो. पोते उचलणारे पुष्कळ होते, सारे पाठमोरे.
टिपेश्वरच्या जंगलाकडं पळस लाल झाला. सेठचा गडी गाणं म्हणते.

४ एप्रिल, आदिलाबाद
इथं उरूस हाय. पाळणा उभा झाला. पहिला डोला लावताना हात चुकला, चाचानं पाहिलं.
दुपारपासून खोली पाहून राह्यलो. एकट्यासाठी नाही, दोघासाठी इचारतो. एकानं इचारलं बायको कुठं हाय, म्यां म्हणलं येईन. खोली वंगाळ होती म्हणून नाही घेतली. दुसरीकडं दारावर लिंबू-मिरची, घरमालकीण म्हणे भाडेकरू पक्का पाहिजे, फिरता नको.

५ एप्रिल
आज एक चांगली खोली पाहिली. घरमालक तेलंगा हाय, मराठी चांगली येते त्याले, लाकडाची वखार हाय. दोन खोल्या, पुढं ओटा, मांगं विहीर, विहिरीवर रहाट. चूल बी बांधेल. त्यानं काही इचारलं नाही. भाडं सांगितलं, किल्ली दाखवली. म्हणे, "अजून काही?"
तोंडात आलं होतं. तेच. पाणी आमी बाहेरून आणू. अगदी जिभेवर. दात आवळून उभा राह्यलो.
मंग वाटलं, चूप राहाचं नं किल्ली घ्याची. राधाबाई म्हणली होती, नसतं सांगितलं तं चाललं असतं. पण मंग अं.ले काय सांगू, का चूप राहून मागितली? ते बी लपवनंच झालं.
तो म्हणे, काय झालं?
म्यां म्हणलं, "आमी बौद्ध हाओत. मी नं माही बायको. ह्याच विहिरीवर पाणी भरू."
आवाज मोठा निघाला. मले वाटलं त्यापेक्षा मोठा. वखारीतल्या मजुरानं वर पाहिलं.
त्यानं किल्ली खिशात टाकली. राग नाही केला. म्हणे, घरात विचारतो, उद्या ये.

६ एप्रिल
सकाळी गेलो. म्हणे, अजून बोलनं झालं नाही, सांजेले ये. सांजेले पाळण्यावर होतो, जाता आलं नाही.
चाचाले सांगितलं. चाचा म्हणाले, कल हाँ बोलेगा तो खबर भेज देना. म्यां म्हणलं, अन् नाही म्हणला तं? चाचा म्हणे, तो दूसरा ढूँढ.

७ एप्रिल
पांढरकवड्याकडं जाणारा ट्रकवाला भेटला, सरदारजी हाय, मराठी तोडकी. साळ्याचं नाव सांगितलं, अड्ड्यावर हमाल हाय, त्याच्या बहिणीले निरोप.
तो म्हणे बोल. म्यां म्हणलं, सांग का, खोली मागताना किसना म्हणाला, आमी बौद्ध हाओत, ह्याच विहिरीवर पाणी भरू.
सरदारजी थांबला. "बस? घर मिला के नहीं मिला?"
म्यां म्हणलं, ते नको सांगू. एवढंच सांग.
"बीवी को इतना ही?"
एवढंच.
त्यानं दोनदा म्हणून घेतलं माह्याकडून, विसरू नये म्हणून. दुसऱ्या डावाले म्हणताना माहं मलेच ऐकू आलं. मंग हात हालवून गेला.
दुपारी वखारीवर गेलो. वखार उघडी, मजूर लाकूड कापून राह्यले होते. घराच्या दारावर कुलूप. इचारलं तं म्हणे मालक गावाले गेले, कवा येतीन मालूम नाही. विहिरीचा रहाट ओट्यावरून दिसते. ओट्यावर बसलो. पाळण्याची वेळ झाली होती, तरी बसलो.